खोली आणि खर्ज

माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याला दोन विषयांवर फुकट सल्ला मिळूं लागतो : एक प्रकृति आणि दुसरा पैसा. आम्हांसही तो भरपूर मिळाला. तो सर्व शांतपणें ऐकून घेतल्यावर आम्हीं निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेपैकीं चार लाख रुपये बाजूला काढले व स्टीरिओचे उत्तम स्पीकर घ्यावयाचें ठरविलें. घरांत हें सांगतांच आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "चार लाखांत ते काय नवें गाणार आहेत?" या प्रश्नाला तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें तें मिळालें; पण आम्हीं मनांत योजलेल्या उत्तराहून तें अगदींच निराळें निघालें, म्हणून हा लेखनप्रपंच.

या निश्चयाचें खरें कारण आम्हीं कोणासच सांगितलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं कानाच्या डॉक्टरांनीं आमच्या श्रवणाचा आलेख काढला. सेकंदाला चार हजार कंपनांपर्यंत रेघ बरी होती. तेथून ती कड्यावरून पाणी कोसळावें तशी खालीं आली होती. वयाप्रमाणें हें व्हावयाचेंच, असें म्हणून डॉक्टर हंसले. आम्हीही हंसलों. परंतु घरीं परततांना गंगापूर रस्त्यावरच्या गोंगाटांत आम्हीं पहिल्यानेंच हिशेब केला कीं, ऐकावयाचें राहून गेलें आहे तें किती, आणि ऐकूं येण्याचे दिवस उरले आहेत ते किती. त्या राहून गेलेल्या गोष्टींत सर्वांत वर होती एक कॅसेट.

आमचे वडील शाळामास्तर होते. गाणें हा त्यांचा व्यवसाय नव्हता. पण रोज दिवेलागणीनंतर काळी एकमध्यें तंबोरा मिळवून ते तासभर गात. नाशकाला हें वेड नवें नव्हे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काळांत पंचवटींत आश्रम उभारून रामनामाचा गजर केला, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु यांचें नांव आमच्या वडिलांच्या तोंडीं देवाच्या नांवासारखें असे. १९८६ सालीं आमच्या मेहुण्यांनीं एक टेपरेकॉर्डर आणला व वडिलांचें गाणें नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर उतरवून घेतलें. १९९४ सालीं वडील गेले. पुढें आम्हीं ती कॅसेट अनेक वेळां लावली; पण ज्या स्वस्त यंत्रावर लावली त्यांत वडील पत्र्याच्या डब्यांत बसून गात आहेत असें वाटे. पांच मिनिटांत आम्ही ती बंद करीत असूं. बापाचा आवाज डब्यांतून ऐकणें बरें वाटत नाहीं.

तर या कॅसेटसाठीं आम्ही 'पंचवटी एक्स्प्रेस'नें मुंबईस गेलों. तेथील एका मोठ्या दुकानांत स्पीकर ऐकण्यासाठीं दालन सजविलेलें होतें. आमचें सबंध घर त्या दालनांत सहज मावलें असतें. जाड गालिचा, भिंतींना कापडी तावदानें, मंद दिवे आणि समोर साडेतीन फूट उंचीचे, शिसवी रंगाचे, प्रत्येकीं पस्तीस किलो वजनाचे दोन स्पीकर जय-विजयांसारखे उभे ! विक्रेत्यानें एका परदेशी वाद्यवृंदाची तबकडी लावली. खालीं तीस कंपनांपासून वर चाळीस हजार कंपनांपर्यंत सर्व कांहीं यांतून येतें, असें तो आम्हांस सांगत होता. आणि त्यांतले शेवटचे छत्तीस हजार आमच्या वांट्याला यावयाचे नाहींत, हें आम्ही मनांतल्या मनांत ताडीत होतों. तरीही ऐकून थक्क झालों, हें खरें. "तुमचें स्वतःचें कांहीं आणलें आहे का?" असें त्यानें विचारलें. वडिलांच्या गाण्याची प्रत भाच्यानें आमच्या फोनमध्यें घालून दिली होती व तो फोन खिशांत होता. परंतु त्या भव्य दालनांत, त्या अनोळखी गृहस्थासमोर, एका शाळामास्तराचें घरगुती गाणें लावण्याची आम्हांस लाज वाटली. "नाहीं," असें सांगून आम्ही मोकळे झालों. या सर्व खरेदींतील आमची मोठी चूक कोणती, असें कोणी विचारल्यास आम्ही याच क्षणाकडे बोट दाखवूं.

दहा दिवस घरीं लावून पाहावे, न पटल्यास वाहतुकीचा खर्च वजा करून पैसे परत, अशा बोलीवर ते दोघे द्वारपाल नाशकास आले. चौघां हमालांनीं ते आमच्या चौथ्या मजल्यावर चढविले. ऐकण्याची म्हणून आम्हीं राखलेली खोली पूर्वीं मुलीच्या अभ्यासाची होती : रुंदी ८ फूट २ इंच, लांबी ११ फूट ६ इंच. स्पीकर लांब भिंतीशीं उभे केले व समोरच्या लांब भिंतीला टेकून आमची आरामखुर्ची ठेविली. मग वडिलांचें गाणें लावलें.

तंबोऱ्याची चौथी तार छेडली जातांच सबंध खोली हुंकारली. दुसऱ्या वेळीं कपाटाच्या कांचा थरथरल्या. वडिलांचा आवाज त्या हुंकारांत असा बुडाला कीं, पुरांत गंगेच्या घाटावरील दुतोंड्या मारुति बुडावा. आवाज कमी केला तर गाणें नाहींसें होई आणि घुमणें तेवढें मागें राही. खुर्ची ओढून आम्ही खोलीच्या मध्यभागीं येऊन बसलों, तों चमत्कार असा कीं खर्जाची तार जणूं तुटून पडली, ऐकूंच येईना! पाठीशीं भिंत आली कीं गर्जना, मध्यें बसलें कीं मौन.

भाचा इंजिनीअर आहे. तो रविवारीं फीत व मापनाचा मायक्रोफोन घेऊन आला आणि खोलीची रुंदी मोजतांच हंसूं लागला. "मामा, ही खोलीच काळी एकमध्यें मिळवलेली आहे," तो म्हणाला. त्यानें समजावून दिलें तें असें. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४५ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुपटीनें या संख्येला भागलें कीं त्या दोन भिंती कोणत्या स्वराला साथ देतात तें कळतें. आमची रुंदी अडीच मीटर, दुप्पट पांच, भागाकार आला ६९. आणि काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज किती कंपनांचा? तोही ६९ ! त्या स्वराची लाट दोन भिंतींच्या मध्यें उभी राहते. भिंतीशीं तिचा जोर सर्वांत अधिक व बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. आम्ही मोठे पैसे मोजून आणलेला स्पीकर भिंतीशीं ठेवून तीच लाट घुसळीत बसलों होतों.

वडिलांचा तंबोरा वाड्याच्या माजघरांत असा कधीं घुमला नाहीं, याचेंही कारण मग ध्यानांत आलें. तेथें मातीच्या भिंती, सागवानी तुळ्या, सारवलेली जमीन, आणि ओटीपासून मागच्या चौकापर्यंत उघडीं दारें. खालच्या स्वरांना बाहेर पडावयास वाट होती. काँक्रीटच्या खोलींत ते कोंडले जातात. आम्हीं भिंतीवर दोन गोधड्या टांगून पाहिल्या. त्यांनीं टाळीचा खणखणाट मेला, परंतु खर्ज तसाच. पांच मीटर लांबीच्या लाटेला गोधडी ती काय आडवी येणार?

भाच्यानें मग सर्व मांडणी फिरविली. स्पीकर आंखूड भिंतीकडे, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर. आणि खुर्ची समोर, मागच्या भिंतीपासून हातभर पुढें. झोपाळ्याला दोन बाजूंनीं दोघांनीं एकाच वेळीं सारख्याच जोरानें ढकललें तर तो जागचा हालत नाहीं; तसे हे दोघे त्या आडव्या लाटेला उठूंच देत नाहींत. हुंकार पुष्कळ कमी झाला. तथापि त्या द्वारपालांना मागें मोकळी जागा हवी. ती दिली तर ते आमच्या मांडीवर येऊन बसत. शिवाय त्यांचा आवाज खोल, तीस कंपनांपर्यंत जाणारा. त्यामुळें खोलीच्या लांबीचा व उंचीचा, कोणता ना कोणता स्वर ते जागा करीतच. डग्ग्याची प्रत्येक थाप उगीचच लांबे. त्यांत दोष त्यांचा नव्हता. हत्ती उत्तम असला तरी तो परसांत बांधतां येत नाहीं. नवव्या दिवशीं ते परत गेले, आणि सौभाग्यवतींनीं ती जागा झाडून घेतली.

यानंतर आम्ही मोठेपणा सोडून माप शोधूं लागलों. तेव्हां आढळलें कीं आमच्यासारखीच अडचण पूर्वीं फार मोठ्या लोकांना पडली होती. बाहेरगांवीं ध्वनिक्षेपणासाठीं जाणाऱ्या मोटारगाड्यांत मोठा स्पीकर मावत नाहीं, आणि निवेदकाचा आवाज खरा कसा जातो आहे हें तर पारखावयाचें असतें, म्हणून बी. बी. सी.च्या अभियंत्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक फूट उंच व साडेसात इंच रुंद अशी एक पेटी तयार केली. 'एलएस३/५ए' हें तिचें रुक्ष सरकारी नांव. तिच्यांतला मोठा पडदा जेमतेम पांच इंचांचा. पेटी सर्व बाजूंनीं बंद. त्यामुळें खालचे स्वर एकदम न तुटतां हळूहळू उतरत जातात, व लहान खोली जेवढी भर घालते तेवढी तिला पुरते. ती घरें हादरवीत नाहीं, लग्नाच्या मांडवांत तर तिचा उपयोगच नाहीं. परंतु माणसाचा आवाज माणसाचा वाटावा, एवढ्याचसाठीं ती घडविली आहे. तशी एक वापरलेली जोडी पुण्याच्या एका सद्गृहस्थांकडून आम्हांस दीड लाखाच्या आंत मिळाली.

येथें कोणी विचारील, एकाच माणसाचें गाणें ऐकावयास दोन स्पीकर कशाला? प्रश्न अगदीं योग्य आहे. ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानें दोन वाटांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या कल्पनेवर १९३१ सालीं हक्क मागितला, पण तशा तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५८ मध्यें. दत्तात्रेय पलुसकर १९५५ सालींच निवर्तले होते. म्हणजे आम्ही ज्यांच्यासाठीं जीव टाकतों त्यांतील कित्येकांचा आवाज एकाच वाटेनें आलेला. आमच्या वडिलांचाही तसाच. पण दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर व नीट बसल्या म्हणजे तो एकपदरी आवाज दोहोंपैकीं कोठूनच येत नाहीं. मधल्या मोकळ्या जागेंत, जेथें कांहींच ठेविलेलें नाहीं तेथें, तो उभा राहतो. मांडणी बरोबर जमली कीं नाहीं याची हीच पारख.

ती पारख एका गुरुवारीं संध्याकाळीं झाली. भाच्यानें पेट्या कानाच्या उंचीच्या तिवयांवर ठेविल्या व पहिल्यानेंच, कोणतीही तबकडी न लावतां, वडिलांचें गाणें लावलें. तंबोरा सुरू झाला. खर्ज स्वच्छ ऐकूं आला. घुमला मात्र नाहीं. आम्हीं आश्चर्य व्यक्त करतांच भाचा म्हणाला, "मामा, ते ६९ कंपन या पेटींतून फारसे निघतच नाहींत. जवारीमुळें वरचे स्वर जे निघतात त्यांवरून खालचा स्वर तुमचा कान स्वतःच जुळवून घेतो." आमच्या पडक्या कानाविषयीं कोणी इतकें चांगलें पूर्वीं बोललें नव्हतें.

पेट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत वडील गात होते. श्वास घेतलेला कळत होता. मांडी बदलल्याचें कळत होतें. यमनाचा ख्याल संपला. तंबोरा तसाच चालू राहिला, आणि त्या तंबोऱ्याच्या आडून एक हलका आवाज आला : "सूनबाई, पाणी."

हे शब्द आम्हीं कधींच ऐकले नव्हते. डब्याच्या आवाजांत ते नाहींसे होत, व द्वारपालांच्या गर्जनेंत बुडाले होते. थोडा वेळ नुसता तंबोरा. पुन्हां एकदां : "सूनबाई." उत्तर नाहीं. मग वडिलांनीं घसा खाकरला व तसेंच कोरड्या गळ्यानें भजन सुरू केलें.

दाराशीं सौभाग्यवती उभ्या होत्या. हातांना कणीक तशीच होती. "मामंजींनीं पाणी मागितलं होतं?" त्यांनीं विचारलें. आम्ही गप्प राहिलों. "मला ऐकूंच आलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. वाड्यांतलें स्वयंपाकघर मागच्या चौकापलीकडे होतें. स्टोव्ह पेटलेला असेल. ऐकूं येणें शक्यच नव्हतें. हें सर्व आम्ही सांगणार होतों, पण सांगितलें नाहीं. भाचा बंद करूं लागला तेव्हां "राहूं दे, चालूं दे," असें म्हणून त्या दाराशींच खालीं बसल्या, आणि कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत उठल्या नाहींत.

तेव्हां स्पीकर घेऊं इच्छिणाऱ्यास आमचें सांगणें थोडेंच आहे. आधीं खोली मोजावी, मग स्पीकर पाहावा. आणि ऐकून पाहावयाचा तर ज्याचा आवाज आपण जन्मभर ओळखतों त्याचा ऐकावा, मग समोर कितीही मोठें दालन व कितीही मोठा विक्रेता असो. चार लाखांत ते नवें काय गाणार, याचें उत्तर हेंच कीं ते नवें कांहींच गात नाहींत. कधींकाळीं बोलून झालेलें व कोणीच न ऐकलेलें एखादें वाक्य मात्र ते ऐकवितात. आणि तें ऐकण्याची तयारी आपली आहे कीं नाहीं, याचा विचार खरेदीपूर्वींच केलेला बरा.

हल्लीं दर गुरुवारीं ती कॅसेट लागते. सौभाग्यवतीही येऊन बसतात. मात्र ख्याल संपत आला कीं त्या उठून स्वयंपाकघरांत जातात व भजन सुरू झाल्यावर परत येतात. कशासाठीं, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.