नसलेल्या फायलींची आठवण

चूक सांगायची तर आधी तिची किंमत सांगतो: दोन रात्रींची जागरणं, गरज नसताना घेतलेल्या दोन एसएसडी आणि भर दुपारी ठप्प झालेला सर्व्हर.

२०१४ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळत होतो. सेंटओएस ६, ६४ जीबी मेमरी. प्रवेशअर्जांसोबत येणारे विद्यार्थ्यांचे फोटो आणि दाखले त्यावर साठत. हळूहळू तक्रारी येऊ लागल्या. फोटो उघडायला वेळ लागतो, रात्रीचा बॅकअप दुपटीहून जास्त रेंगाळतो. लाखो फायलींचे पाथ शोधायचं काम आलं की मशीन धापा टाकायचं.

मी डिस्कला दोषी ठरवलं. खरं तर 'टॉप'मध्ये डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ जवळपास शून्य होता आणि कर्नलचा स्वतःचा वेळ ४० टक्क्यांवर होता. आकडे मी पाहिले, पण वाचले नाहीत. साहेबांना पटवून एसएसडी बसवल्या. त्यासाठी मशीन बंद करून चालू केलं आणि सगळं सुरळीत झालं. श्रेय मी घेतलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. आता माझा संशय डिरेक्टरीवर गेला. एकाच डिरेक्टरीत तीन लाखांवर फायली होत्या. दोन रात्री जागून मी त्या उपडिरेक्टऱ्यांत वाटल्या. ईएक्सटी४ नावांचा हॅशवर आधारलेला निर्देशांक ठेवते, त्यामुळे तीन लाखांतून एक नाव शोधणं तिला जड नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी केलं. शेवटी रीबूट केलं आणि पुन्हा दोन आठवडे शांतता. रीबूटने बरं होणाऱ्या दुखण्याला मी दर वेळी वेगळ्या औषधाचं नाव देत होतो. मेमरी भरलेली दिसतेय, असं साहेब म्हणाले तेव्हा, "लिनक्स रिकामी मेमरी कॅशला वापरतोच," असं ठोकून दिलं. ती कॅश कशाची, हे पाहिलं नाही.

तिसऱ्या वेळी मात्र 'पर्फ टॉप' लावलं. यादीत सगळ्यात वर होतं कर्नलचं डी-लुकअप, म्हणजे पाथमधलं एकेक नाव कॅशमध्ये शोधणारं फंक्शन. 'स्लॅबटॉप'मध्ये २० कोटी डेंट्री, म्हणजे त्या कॅशमधल्या नावांच्या नोंदी. प्रत्येकी १९२ बाइट, म्हणजे ३६ जीबीच्या आसपास. कारण सापडलं म्हणून मी इतका खूश झालो, की दुपारी चालू सर्व्हरवरच ही कॅश रिकामी करायची आज्ञा दिली. वीस कोटी नोंदी पुसता पुसता कर्नल अडकला आणि ऐन गर्दीत काही मिनिटं सर्व्हर कुणालाच उत्तर देईना. फोन मात्र वाजत राहिला.

संध्याकाळी नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीने विचारलं, "सर, सर्व्हरवर फायली तर तीन-चार लाखच आहेत. मग ही वीस कोटी नावं कुणाची?"

ती नसलेल्या फायलींची होती. एखादं नाव शोधून सापडलं नाही, तर 'ही फाइल नाही' हेही लिनक्स लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारलं तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. सोय चांगलीच आहे. पण या नोंदी ज्या खणांत ठेवल्या जातात, त्यांची संख्या मशीन सुरू होतानाच ठरते. आमच्याकडे ८३,८८,६०८ खण होते. वीस कोटी चिठ्ठ्या त्यांत कोंबल्या की प्रत्येक खणात सरासरी चोवीस. पाथमधल्या दर नावासाठी ती चळत चाळायची.

विचारत कोण होतं? क्रॉनटॅब उघडल्यावर तिला दर मिनिटाला चालणारी एक स्क्रिप्ट दिसली. सेवा जिवंत आहे की नाही, हे कर्लने एचटीटीपीएसवरून तपासणारी. 'एसट्रेस' लावून कर्ल एकदा चालवलं, तर सुमारे दहा हजार 'फाइल नाही' अशी उत्तरं आली. त्या कर्लमागची एनएसएस लायब्ररी आपली डिरेक्टरी नेटवर्कवर आहे की काय, हे जोखायला मुद्दाम नसलेली नावं विचारून वेळ मोजत असे, आणि दर खेपेला नावं नवी. दिवसाला १,४४० वेळा दहा हजार, म्हणजे १ कोटी ४४ लाख. चौदा दिवसांत वीस कोटी.

"ही स्क्रिप्ट कुणी लावली, सर?"

"मीच."

पहिल्या तक्रारीच्या तीनच आठवडे आधी. तक्रार आली तेव्हा "अलीकडे काय बदललं?" असं साहेबांनी विचारलं होतं आणि मी बदलांची वही उघडून "काहीच नाही" म्हणालो होतो. वहीत खरंच नोंद नव्हती. देखरेखीची स्क्रिप्ट हाही बदल असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा घेऊन मी सगळ्या सर्व्हरला वळसा घातला.

उपाय एका ओळीचा निघाला. एनएसएसला ती मोजणी टाळायला सांगणारं एनव्हायरन्मेंट व्हेरिएबल स्क्रिप्टच्या सुरुवातीला टाकलं. मग रात्री, गर्दी नसताना, शेवटचं रीबूट केलं. त्यानंतर वहीत त्या स्क्रिप्टची नोंद मागच्या तारखेसह लिहिली आणि पुढे कंसात लिहिलं: उशिरा नोंदवली, चूक माझी.