कल्हईची वजावट

आमच्या चिंचणीच्या घरातील पितळी भांडी मोडीत काढण्याचा निर्णय कुटुंबात सर्वानुमते झाला, त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध फिर्याद नाही. बोईसरच्या दोन खोल्यांत बंब, घंगाळ आणि भरल्यावर दोघांनाही न हलणारा हंडा ठेवायचा कोठे, या प्रश्नाला माझ्यापाशीही उत्तर नव्हते. परंतु पालघरच्या एका दुकानात, ज्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, त्या भांड्यांचे वजन झाल्यावर मालकाने अत्यंत शांतपणे ‘कल्हई आहे, घट धरावी लागेल’ असे म्हणून एकंदर वजनातून शेकडा काही भाग जो वजा केला, तो इतका काळ लोटल्यावरही माझ्या मनातून वजा होत नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो आणि म्हणून आतून कथलाचा लेप हवा, हे मराठी वाचकास सांगणे नलगे. आमच्या अंगणात भट्टी लागे तेव्हा कल्हईवाल्याचा पोरगा भाता ओढी, भांडे तापले की आत नवसागराची पूड पडे, नाकास झोंबणारा पांढरा धूर उठे, आणि जेमतेम 232 अंश सेल्सिअसला वितळणारे ते कथील कापसाच्या बोळ्याने असे काही फिरविले जाई की काळवंडलेल्या तळाशी क्षणार्धात आपला चेहरा दिसावा. आई मात्र त्या चमत्काराकडे पाहत नसे. भट्टी पेटण्यापूर्वीच ती कथलाची कांडी मागून घेई व कानाशी धरून किंचित वाकवी. शुद्ध कथील वाकताना करकरते, शिशाची भेसळ अधिक असेल तर तो आवाज मंदावतो. शिसे स्वस्त आणि विषारी. कांडी करकरली नाही तर भट्टी विझे, मग कल्हईवाला कितीही जुना असो.

ज्या वस्तूची परीक्षा इतक्या कसोशीने झाली, जिच्यासाठी घरखर्चातून नेमाने पैसे बाजूस निघाले आणि जिच्यामुळेच ती भांडी दुकानदाराच्या तराजूपर्यंत धडधाकट पोहोचली, तीच वस्तू अखेरच्या हिशेबात मळ ठरावी, हा न्याय मला उमगत नाही. कथील पितळेहून कितीतरी महाग! आणि तो लेप तरी केवढा? मोठ्या पातेल्याच्या पोटातला सगळा खरवडून काढला तरी काही ग्रॅमच भरेल. मी हे सारे रीतसर मांडले. दुकानदार म्हणाला, “साहेब, आटवल्यावर आम्हाला पितळ हवं, तुमची कल्हई नको.” मी वजावटीचा आधार विचारला, त्याने ‘बाजारचा रिवाज’ सांगितला, म्हणजे ज्यावर अपील चालत नाही असा हुकूम. आता कड्या लोखंडाच्या होत्या, सांध्यांना डाग दिलेले होते, घंगाळाच्या काठाखाली पिढ्यांचा मळ होता, त्यांची तूट त्याने धरली असती तर ती वाजवी होती, आणि कदाचित त्याने मनातल्या मनात तीच धरली असेल. मग तसे म्हणावे! नाव कल्हईचे का घ्यावे?

आमच्याकडे स्टेनलेस स्टीलची पहिली पातेली आली ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पगारातून. 1969 साली अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे वसाहत वाढली आणि खाडीकाठच्या माणसाचे ताट, वाटी, पेला सगळेच पांढरे झाले. या भांड्यांना काही करावे लागत नाही असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. त्यांचे तेज किमान 10.5 टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागी बसणाऱ्या एका अदृश्य पापुद्र्यावर अवलंबून असते, आणि थंड पाण्यात टाकलेले मीठ तळाशी न विरघळता बसून राहिले की त्या पापुद्र्यास बारीक खड्डे पडतात. मीठ पाणी उकळल्यावर घालावे. लोखंडी तव्याचे तर आमच्या किनाऱ्यावर विचारू नये. खारा वारा एका रात्रीत तांबूस डाग उमटवितो, म्हणून तवा धुतल्यावर विस्तवावर कोरडा करून तेलाचा हात फिरविल्याखेरीज झोपू नये. ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंचेचे कालवण मुक्कामास ठेवू नये. हे सांगूनही कोणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी.

या वजावटीवर मी घरी पुष्कळ बोललो. माझ्या बहिणीने सगळे ऐकून घेऊन सांगितले की गौरी-गणपतीच्या आधी माळ्यावरून उतरलेली ती भांडी चिंच, राख आणि नारळाच्या शेंडीने घासताना दादा कुठे दिसत नसे. आणि आईने स्वतः शेवटची कित्येक वर्षे वरण स्टीलच्याच पातेल्यात शिजवले, व ते तिला आवडत होते. हे खरे आहे. मलाही सकाळी गॅसवर चटकन तापणारे हलके पातेलेच बरे वाटते. मोडीच्या पैशांतला आपला वाटा घेऊन बहीण त्याच दुकानात परत गेली, दोन डबे आणि एक झाकणाचे पातेले निवडले, आणि भावाची घासाघीस न करता मालकाला तिने एवढेच विचारले की, “याला कधी कल्हई लागणार नाही ना?”