बेथलेहेम, नासरेथ आणि अश्रद्ध वाचक

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत बेथलेहेमही आहे आणि नासरेथही. डोंगरीचे जुने चर्च बेथलेहेमच्या मातेचे, भाईंदर पश्चिमेचे नासरेथच्या मातेचे. भाविकाने दोन्ही नावे सारख्याच भक्तीने उच्चारावीत; संहितेच्या अभ्यासकाला मात्र ती एका जुन्या भांडणाची आठवण करून देतात. येशूचे आईबाप राहणारे कुठले, या साध्या प्रश्नावर मत्तय आणि लूक या शुभवर्तमानकारांचे एकमत नाही. मत्तयाच्या कथनात हे कुटुंब बेथलेहेमातच नांदते आहे. मागी लोक भेटीस येतात ते घरात. हेरोदाच्या भयाने ते मिसरात जाते आणि परतताना, यहूदीयात हेरोदाचाच मुलगा राज्य करतो हे कळल्यावर, नासरेथ नावाच्या गावी बिऱ्हाड थाटते. लूकचे कुटुंब आधीपासूनच नासरेथचे. ते शिरगणतीसाठी बेथलेहेमास जाते, उतारशाळेत जागा मिळत नाही, बाळ गव्हाणीत निजते आणि मंदिरातील विधी आटोपून मंडळी घरी परततात. मिसर नाही, बालहत्या नाही. शिवाय क्विरिनियाच्या ज्या शिरगणतीचा हवाला लूक देतो ती इ. स. ६ मधील; हेरोद तर त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीच, इ. स. पू. ४ मध्ये, मेलेला. योसेफाच्या बापाच्या नावावरही एकवाक्यता नाही. एकाच्या मते तो याकोब, दुसऱ्याच्या मते एली. नाताळच्या गोठ्यात मात्र मत्तयाचे मागी आणि लूकचे मेंढपाळ शेजारी शेजारी उभे असतात. भाष्यकारांना शतकानुशतके न साधलेला समेट मातीच्या बाहुल्यांनी असा घडवून आणला आहे.

अशा विसंगती हाती लागल्या की खटला जिंकला, असे मानणारा वाचक मराठीला नवा नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत, तेव्हा ते याच वाचकाचे प्रतिनिधी होते. त्या वादाचे ऐतिहासिक मोल मोठे. पण वाचनपद्धती म्हणून पाहिले तर ती वकिलाची उलटतपासणी. साक्षीदार खोटा ठरला की ती संपते. साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी का सांगतो आहे, हे तिला विचारावेसे वाटत नाही. मत्तयाला दाविदाचे गाव आणि मोशेच्या चरित्राचा साचा हवा आहे. म्हणून दुष्ट राजा, मारली जाणारी मुले आणि मिसर. लूकला एका टोकाला रोमचा सम्राट आणि दुसऱ्या टोकाला गव्हाण हवी आहे, म्हणून शिरगणती. इतिहास म्हणून यांतले फारसे काही टिकत नाही. कथन म्हणून दोघेही आपापल्या हेतूशी पक्के आहेत, आणि हे मान्य करण्यासाठी कोणाला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

मराठीत बायबलाची थट्टा स्वस्त पडते, हेही नोंदवले पाहिजे. अलीशाला ‘टकल्या’ म्हणून चिडवणाऱ्या ४२ पोरांना अस्वलींनी फाडले, हे वाचून हसणारा बुद्धिवादी आपल्याच पुराणांतील ऋषींच्या शापांपाशी आला की ‘रूपक’, ‘प्रतीक’ असले शब्द शोधू लागतो. दुसऱ्याच्या घरातल्या देवांवर चालणाऱ्या अश्रद्धेला चिकित्सा म्हणता येत नाही. याची दुसरी बाजू म्हणजे समीक्षेतील सौजन्य. ‘ख्रिस्ती वाङ्मय’ असा एक कप्पा करून त्यात स्टीफन्सचे १६१६चे क्रिस्तपुराण आणि टिळकांचे ख्रिस्तायन आदराने ठेवायचे, आणि कप्पा पुन्हा उघडायचा नाही. वास्तविक स्टीफन्सने आपल्या पुराणात श्रोत्यांच्या शंकांना जागा ठेवली होती. समीक्षेने तेवढीही ठेवली नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावर, जिथले चर्च समुद्रमातेचे आहे, हा ग्रंथ आणखी वेगळा दिसू शकतो. योहानाच्या अखेरच्या अध्यायात पेत्र जाळे ओढतो आणि मासे निघतात १५३. या आकड्याने पंडितांना पुष्कळ छळले. एक ते सतरा या अंकांची बेरीज १५३ होते, हे हेरून ऑगस्टीनने त्यावर अध्यात्माचा इमला रचला. मासेमारीवर पोट असलेल्या गावात मासे मोजण्याचे कारण एवढे गहन असावे लागत नाही. वाटणी करायची तर मोजदाद हवीच. योनाचा मासाही असाच. तो पोटात माणूस सामावण्याइतका मोठा होता की नाही, यावर भांडणारे आस्तिक आणि नास्तिक एकाच चुकीचे भागीदार आहेत, कारण दोघांनाही तो विनोद कळलेला नाही. देवाची आज्ञा टाळून पळणारा हा संदेष्टा अखेर निनवेत जातो आणि नगरनाशाची घोषणा करतो. नगर चक्क पश्चात्ताप करते, गुरेढोरेसुद्धा गोणपाट पांघरतात. देव क्षमा करतो आणि योना रुसून बसतो: भाकीत खोटे पडले! चार अध्यायांच्या या पुस्तकात संदेष्ट्यांची जी फिरकी घेतली आहे तिच्यापुढे बाहेरच्या नास्तिकाची टवाळी फिकी वाटते. आणि शेवट काय, तर देवाचा एक प्रश्न, तोही गुरांचा उल्लेख करून. योनाचे उत्तर दिलेलेच नाही.

मराठीत या ग्रंथाशी सर्वांत कसून भांडण मांडले ते पंडिता रमाबाईंनी, आणि तेही श्रद्धेच्या आत शिरल्यावर. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारायला ही बाई तयार नाही. ती संहिता मागते, स्वतः वाचते आणि वडीलकीच्या स्वरात आलेला उपदेश परत करते. पुढे श्रद्धा दृढ झाली तरी तिच्यातील वाचक निवृत्त झाला नाही. प्रचलित मराठी भाषांतर पटेना, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२२ साली मृत्यू आला तोवर ते तडीस गेले होते. ग्रंथ १९२४ साली निघाला. मत्तयाचा याकोब आणि लूकचा एली त्यात आपापल्या जागी आहेत.