माशूक आणि मुन्ने की अम्मी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला उर्दू शिकवतो. म्हणजे अकरा ते पाच इश्क शिकवतो आणि साडेपाचला मेथीची जुडी घेऊन घरी जातो. बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले. पण ‘विरह’ या घटकाची उद्दिष्टे कशी लिहायची, हे कुणी सांगितले नाही.

गजलेतल्या माशूकचे केस, भुवया, चाल सारे आम्हाला तोंडपाठ. मात्र जुन्या गजलेत तिच्यासाठी क्रियापद येते पुल्लिंगी! ती येत नाही, ‘तो’ येतो. पोरे खिदळतात. आम्ही डस्टर आपटून सांगतो, "गधांनो, हा अदब आहे. बाईचा उल्लेख चारचौघांत उघड करू नये."

घरीही आमचा हाच अदब. लग्नाआधी आम्ही तिला एकदाच पाहिले, तेही चहाच्या ट्रेपलीकडे. खरे तर बिस्किटेच नीट दिसली. आज अकरा वर्षे झाली. ती आम्हाला "सुनते क्या" म्हणते, आम्ही तिला "मुन्ने की अम्मी". मुन्ना व्हायच्या आधी? नुसते खाकरायचो.

परवा मिर्झा गालिबवर टिपणे काढत होतो. जन्म आग्र्याचा, १७९७. लग्न १८१० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी. एका पत्रात मिर्झांनी लग्नाला जन्मठेप आणि बायकोला पायातली बेडी म्हटले आहे. स्टाफरूममध्ये हा किस्सा आम्ही दरसाल सांगतो आणि सगळे दरसाल हसतात. बायकोलाही ऐकवला. ती लसूण सोलत होती.

"और बेगम क्या बोली?"

आम्ही टिपणे चाळली. उमराव बेगम. सात मुले झाली, एकही जगले नाही. मिर्झा १८६९ मध्ये गेले, पुढच्या वर्षी बेगम. ती काय बोलली, ते आमच्या टिपणांत नव्हते.

"तो बेडी किसके पाँव में थी?" तिने विचारले आणि पुढची पाकळी घेतली.

बायकांच्या मनाचा थांग लागत नाही, असे आम्ही पुरुष उसासे टाकून सांगतो. थांग लागायला आधी विचारावे लागते, तेवढे राहून जाते. आम्ही घाबरत घाबरत विचारले, "तुला काय हवंय?" मनात साडीचा हिशेब सुरू झाला होता.

"बारवी," ती म्हणाली.

दहावीला तिला आमच्याहून जास्त मार्क होते. ही गोष्ट आम्ही आजवर स्टाफरूमपासून लपवली आहे.

बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. दोघे सायबर कॅफेत गेलो. पोराने विचारले, "सर, विद्यार्थिनीचं नाव?" आम्ही सवयीने खाकरलो. तो थांबून राहिला. मग आम्ही तिचे नाव घेतले. बरेच मोठ्याने निघाले असावे.

"इतना जोर से कायको?" ती पुटपुटली. "सब देख रहे."

पण खुर्ची तिने जवळ ओढून घेतली आणि स्पेलिंग स्वतः सांगितले.