दादांच्या फ्लॉप्या

लिहिलेले वाचता न येणे आणि मुळात काही लिहिलेलेच नसणे, या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. ज्यांच्या घरी मोडी लिपीतील जुने दस्तऐवज आहेत त्यांना हे सांगावयास नको. मोडी जाणणारा भेटेपर्यंत ते कागद मुके राहतात. पण म्हणून त्यांना कोणी कोरे म्हणत नाही. संगणकाला मात्र एवढा विवेक नसतो. त्याला जे वाचता येत नाही, ते कोरेच आहे असे तो धरून चालतो. याचा अनुभव आमच्या कुटुंबाने घेतला.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झाले. १९९० च्या सुमारास त्यांच्याकडे कमोडोर कंपनीचा 'अमिगा ५००' हा घरगुती संगणक होता. वसईस सुट्टीवर आले की ते आईजवळ बसत, तिला आपल्या सामवेदी बोलीतील लग्नगीते म्हणावयास लावीत आणि वहीत उतरवून घेत. परत गेल्यावर ती गीते संगणकावर चढवीत. पुढे आई गेली, दादाही गेले. वह्या हरवल्या, घर बदलताना संगणक टाकून दिला गेला. आमच्या वाट्यास आली ती २३ फ्लॉप्यांची एक पेटी.

त्या फ्लॉप्या आम्ही एका दुकानात नेल्या. आकार नेहमीचाच, साडेतीन इंची. त्यामुळे तेथील संगणकात त्या सहज सरकल्या. पडद्यावर प्रश्न उमटला, "ही तबकडी फॉरमॅट केलेली नाही. आता करावयाची काय?" दुकानदार म्हणाला, "काका, या सगळ्या कोऱ्याच आहेत. फॉरमॅट करून देऊ का?" आमच्यासोबत भाचा होता. त्याने घाईने नको म्हटले, म्हणून बरे! होकार दिला असता तर आईचा शब्द न् शब्द पुसला गेला असता.

भाच्याने मग आम्हांस कारण समजावून दिले. दोन्ही संगणक फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार मार्ग आखतात. साध्या, म्हणजे दुहेरी घनतेच्या फ्लॉपीवर पीसी प्रत्येक मार्गाचे ९ तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र पत्ता देतो आणि दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडतो. अमिगा संपूर्ण मार्ग एका दमात लिहितो. मधली जागा वाचल्यामुळे त्याचे ११ तुकडे बसतात. म्हणून एकाच फ्लॉपीवर पीसी ७२० किलोबाइट साठवतो, तर अमिगा ८८०. पीसीमधील नियंत्रक चिप केवळ आपल्याच पद्धतीचे पत्ते शोधते. ते न सापडल्यास तिच्या लेखी घरच अस्तित्वात नसते. गंमत अशी, की अमिगाला मात्र पीसीची फ्लॉपी वाचणे शक्य होते. १९९२ मध्ये त्याच्या प्रणालीसोबत 'क्रॉसडॉस' हा कार्यक्रमच त्यासाठी दिला गेला.

त्या काळी प्रत्येक घराण्याची रीत निराळी होती. अटारी एसटीची मांडणी पीसीच्या जवळची, त्यामुळे त्यांचे पुष्कळदा जमे. मॅकिंटॉशच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीचे तंत्र आणखी वेगळे: बाहेरच्या मार्गांवर ती संथ फिरे, आतल्या मार्गांवर वेगाने. पीसीची फ्लॉपी एकाच गतीने फिरणारी. तिचे आणि हिचे जुळावे कसे? म्हणून जाणकार लोक फ्लॉपीचा नाद सोडून दोन संगणक तारेने जोडीत. सेकंदास ९६०० बिट या गतीने अमिगाची एक पूर्ण फ्लॉपी पलीकडे जाण्यास सुमारे १६ मिनिटे लागत. परंतु त्यासाठी दोन्ही यंत्रे जिवंत हवीत. कमोडोर कंपनी तर १९९४ मध्येच बुडाली होती.

अखेर काही वर्षांनी मार्ग निघाला. भाच्याने 'ग्रीझवीझल' नावाचे एक छोटे मंडल मिळवून त्यास पीसीचीच जुनी फ्लॉपी ड्राइव्ह जोडली. हे मंडल अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. चुंबकत्व कोठे कोठे पालटते, तेवढ्याच वेळा ते नोंदवते. उलगडा मागाहून संगणक करतो. २१ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. दोन बुरशीने गेल्या होत्या.

गीते हाती आली, पण ती रोमन लिपीत! देवनागरीची सोय नसल्याने दादांनी तसे लिहिले असावे. एका अर्थी ते इष्टच झाले. त्या काळी आपल्याकडे निरनिराळ्या फाँटांत केलेल्या मराठी फाइली आज उघडल्या तर अनेकदा अर्थहीन चिन्हे दिसतात, कारण प्रत्येक फाँटची अक्षररचना वेगळी होती. दादांची साधी रोमन अक्षरे मात्र जशीच्या तशी उमटली. अडचण उरली ती ल की ळ, त की ट, न की ण, ही. तेव्हा छापील प्रत घेऊन आम्ही मावशीकडे गेलो. तिने वय वर्षे ८६ असताना एकेक ओळ गाऊन आमचे उच्चार दुरुस्त केले. चार गीते तिलाही ठाऊक नव्हती. ती केवळ त्या फ्लॉप्यांतच उरली होती.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत अशा पेट्या असतील. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर नवे काही लिहिले जात नाही. यंत्राने कोरी म्हटले तरी ती फेकू नये, कोणत्या संगणकावर लिहिली याची चौकशी करावी. आणि मजकूर निघाला की तो कागदावर छापून घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा. त्यास विलंब करू नये. बुरशी थांबत नाही, आणि माणसेही.