बारा व्होल्टांचे तारू

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. त्याच्या वाट्याला आलेले पाणी पैनगंगेचे, अडाणचे आणि एकबुर्जी, सोनल, अडाण यांसारख्या जलाशयांत अडवलेले आहे, आणि तेथे मासेमारीसाठी किंवा मोजणीसाठी उतरणारी होडी इतकी लहान असते की तिच्यावर रडार बसवण्याची कल्पना कोणालाही हास्यास्पद वाटावी. तरीही होडीवरील साधनांची निवड या विषयाचा आरंभ याच पाण्यावर करणे सोयीचे ठरते, कारण या पाण्यावर डोळ्याला नेमके काय दिसत नाही, हा मूळ प्रश्न तेथे एकट्याने, कोणत्याही झगमगाटाविना समोर येतो. वाशीम शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जीच्या जलाशयात पलीकडचा काठ दिसतो, समोरून जहाज येत नाही, आणि रात्री दिशा चुकलीच तरी होडी फार तर चुकीच्या शेताच्या बांधाला लागते. दिसत नाही तो फक्त तळ.

तळासाठीचे साधन म्हणजे प्रतिध्वनीवर चालणारे खोलीमापक, ज्याला मासेमार सरसकट फिशफाइंडर म्हणतात. होडीच्या बुडाशी बसवलेली चकती ध्वनीचा स्पंद खाली सोडते आणि तो तळावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून खोली काढते. ही साधने पाण्यातील ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला १,५०० मीटर धरून चालतात. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो सुमारे १,४९७ मीटर असल्यामुळे जलाशयात आकडा जवळजवळ बरोबर येतो, तर अरबी समुद्राच्या तितक्याच उबदार खाऱ्या पाण्यात वेग १,५३० मीटरच्या पुढे जात असल्याने ५० मीटर खोलीमागे सुमारे एक मीटर कमी दाखवला जातो. चूक निदान सुरक्षित बाजूची आहे, एवढेच समाधान. खरी अडचण गाळाची असते. काळ्या मातीचा पातळ गाळ जेथे साचतो, तेथे २०० किलोहर्ट्झचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो आणि ५० किलोहर्ट्झचा त्यातून उतरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. म्हणून मोजणी करणाराने खुणा केलेल्या साखळीला लोखंडी तबकडी बांधून ती ठरलेल्या खोलीवर सोडावी आणि पडद्यावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहावा. या खटाटोपावाचून निघालेला जलाशयाचा नकाशा सुबक दिसतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

रडारचे क्षेत्र मात्र कोकणपट्टीचे, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मासेमारी नौकांचे आहे, जेथे डोळ्याआड जाणारी गोष्ट तळापेक्षा अधिक वेळा समोरची नौका असते. (रडारचा पूर्वज मात्र समुद्रावर नव्हे, तर नदीवर अवतरला, ही गोष्ट वाशीमकरांना सुखावणारी आहे: क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने आपले यंत्र १९०४ साली कोलोन येथे ऱ्हाइन नदीच्या पात्रात दाखवले होते.) रडार रेडिओ लहरींचा स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते, आणि या लहरी क्षितिजापलीकडे फारशा वाकत नाहीत; त्यामुळे त्याचा पल्ला जाहिरातीतील आकड्यापेक्षा अँटेनाच्या उंचीवर ठरतो. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला २.२ ने गुणले की क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते, आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. केबिनच्या छतावर पाण्यापासून चार मीटर उंचीवरील अँटेनाचे क्षितिज ४.४ मैलांवर संपते. पाण्यावर एक मीटर डोके काढणारी दुसरी होडी तिला फार तर साडेसहा मैलांवर आणि २५ मीटर उंचीचे मालवाहू जहाज सुमारे पंधरा मैलांवर दिसू शकते. छत्तीस मैलांचे रडार अशा नौकेवर बसवणाऱ्याला त्या अंतरावरून दिसण्यासाठी समोरची वस्तू दोनशे मीटरांहून उंच असावी लागते, म्हणजे त्याने ते पैसे सह्याद्री पाहण्यासाठी खर्च केले, असेच म्हणावे लागेल.

पल्ल्यापेक्षा महत्त्वाची, पण दुकानात क्वचितच विचारली जाणारी बाब म्हणजे झोताची रुंदी. अँटेना जितकी आखूड तितका झोत पसरट, हा निसर्गाचा नियम कोणत्याही कंपनीला मोडता आलेला नाही. घुमटाकार डब्यात बसणाऱ्या ४५ सेंटिमीटर अँटेनाचा झोत साधारण पाच अंशांचा असतो, आणि दोन मैलांवर तो सुमारे ३२० मीटर पसरतो. तेवढ्या अंतरात शेजारी शेजारी जाळी टाकणाऱ्या दोन नौका पडद्यावर एकाच ठिपक्यात विरघळतात. सव्वा मीटर लांबीची उघडी फिरती अँटेना हाच पसारा १३० मीटरांच्या आसपास आणते, परंतु तिचे वीस-पंचवीस किलोंचे वजन उंचावर चढवले की लहान नौका अधिक झोलते. झोताची उभी रुंदी साधारण २५ अंश असल्यामुळे नौका एका अंगावर बारा-तेरा अंशांपेक्षा जास्त कलंडली की झोत बाजूच्या होडीवरून निघून जातो. या दोन टोकांमध्ये ६० सेंटिमीटरचा घुमट हा मध्यम नौकेसाठी बहुतेक वेळा शहाणपणाचा पर्याय ठरतो.

मॅग्नेट्रॉन या निर्वात नळीवर चालणारी जुनी रडारे स्पंदाच्या क्षणी चार किलोवॅट सोडतात, पण तो क्षण इतका सूक्ष्म असतो की सरासरी शक्ती एक-दोन वॅटच भरते. ती तापायला दीड मिनिट लागते. अर्धवाहकांवर चालणारी नवी रडारे लगेच सुरू होतात, वीज कमी खातात आणि जवळचे अधिक स्पष्ट दाखवतात, मात्र त्यांतील अखंड लहरी सोडणारा प्रकार दीपस्तंभावरील रेकॉनला, म्हणजे रडारचा स्पंद पोहोचताच उत्तर देणाऱ्या यंत्राला, जागे करू शकत नाही. पाऊस दोहोंनाही आंधळे करतो. लाकडी आणि फायबरच्या होड्या तर मुळातच क्षीण प्रतिध्वनी देतात, आणि म्हणून डोलकाठीवर टांगलेला धातूचा परावर्तक हा रडार न परवडणाऱ्या तांडेलाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

इथवर निवड झाली, आणि निवडीत चुकलेला मनुष्य निदान नव्या साधनाचे पैसे भरून सुटतो. जोडणीतली चूक मात्र लपून बसते. लहान नौकेचे सारे इलेक्ट्रॉनिक विश्व बारा व्होल्टांवर उभे असते. बॅटरीपासून दहा मीटरांवर असलेल्या रडारला अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तार जोडली, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध ०.१४ ओहम होतो, आणि पाच अँपिअर प्रवाहाला वाटेतच ०.७ व्होल्ट गळतो, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतल्यास गळती ०.३ व्होल्टांच्या आत येते. इंजिनाचा स्टार्टर फिरताना बॅटरी स्वतःच खचते, त्याच क्षणी पडदा बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि दोष साधनाला दिला जातो. वास्तविक तेथे स्वतंत्र बॅटरीची गरज असते. तार कल्हई केलेल्या तांब्याची असावी, कारण साध्या तांब्यात खारे पाणी आवरणाखालून वर चढत जाते आणि तार आतून काळी पडते. साधनात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकते; फ्यूज बॅटरीला लगटूनच असावा. वायरलेसच्या अँटेनाशेजारी बसवलेला स्वस्त एलईडी दिवा इतका गोंगाट करतो की दूरचे बोलणे त्यात बुडून जाते, हे अनेकांना वर्षभर उमगत नाही.

जहाजे आपले स्थान, दिशा आणि वेग वायरलेसच्या लहरींवरून आपोआप कळवतात त्या एआयएस प्रणालीने रडारचा भार हलका केला आहे. त्याखेरीज ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसवायचे आहेत. परंतु एआयएसच्या पडद्यावर तीच नौका दिसते जी स्वतःविषयी बोलते. दिवा विझवून उभी असलेली होडी रडारलाच सापडते, आणि तीही नेहमी नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनी रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून अनुमान काढण्यास मनाई केली आहे, यामागे हेच कारण आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेल्या असतात आणि जोडणीला हाच मोसम मिळतो. काम संपल्यावर व्होल्टमापक बॅटरीपाशी नव्हे तर रडारच्या टोकाशी लावून, रडार चालू असताना इंजिन सुरू करून पाहावे. नौका पाण्यात उतरल्यावर ती ओळखीच्या दीपगृहाच्या रेषेत धरून प्रत्येक साधन एकेक करून चालू-बंद करावे आणि होकायंत्राची सुई किती अंश हलते ते टिपावे. कर्ण्यातील चुंबकाने आणि पडद्याच्या तारांनी केलेली ही फसवणूक नौकेच्या प्रत्येक दिशेला वेगळी असते, म्हणून तिचा तक्ता आठ दिशांसाठी करून सुकाणूजवळ, ओल्या हाताने पुसला जाणार नाही अशा शाईत, चिकटवून ठेवावा.