मधला ठोकळा

मुलांच्या खेळांकडे वडील माणसांनीं दोनच प्रकारें पाहावें असा जणूं दंडक पडून गेला आहे: एक तर भुवया चढवून, नाहीं तर काणाडोळा करून. खेळ संगणकाच्या पडद्यावरचा असला म्हणजे बहुधा पहिलाच प्रकार घडतो. आमच्या घरीं दोघां भावांचीं मिळून पांच मुलें आहेत, आणि त्यांच्या ह्या छंदावरून वादही पुष्कळ झाले आहेत. तथापि गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्यांच्या शेजारीं बसून आम्हीं जें पाहिलें, तें एका चुलीवर अनेकांचा स्वयंपाक होतो अशा घरांतील वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

ह्या खेळाचें नांव माइनक्राफ्ट. तो स्वीडन देशांत जन्मला, 2009 सालीं लोकांच्या हातीं प्रथम आला, 2011 सालीं पूर्णावस्थेस पोंचला, आणि त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती खपल्याचें 2023 सालीं जाहीर झालें. त्यांतील जग सारें ठोकळ्यांचें. माती, दगड, लांकूड, कांच, सर्व कांहीं चौकोनी. आणि प्रत्येक ठोकळा सर्व बाजूंनीं एक मीटर मानलेला. ठोकळ्यावर ठोकळा रचून मुलानें घर, पूल, किल्ला, वाटेल तें उभारावें. आरंभीं मुलें मन मानेल तसें बांधतात: एका अंगास तीन खिडक्या, दुसऱ्या अंगास दोन, आणि दार कोठें तरी कोपऱ्यांत. मग एके दिवशीं तीं थोडीं मागें सरून आपलें काम पाहतात आणि तें त्यांस खटकतें. कां खटकतें हें सांगतां येत नाहीं. पण डोळा डावें-उजवें जुळवूं पाहतो आणि तें जुळत नाहीं. सममिती हा शब्द पाठ्यपुस्तकांत भेटण्यापूर्वीं मुलांना ती अशी भेटते.

ह्या सममितीचा पहिला नियम आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीनें स्वतःच शोधून काढला. तिनें बारा ठोकळे रुंदीचें घर घेतलें आणि ती मध्यभागीं दार बसवूं लागली. दार एका ठोकळ्याचें. बारांचा मध्य मात्र दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर येतो. दार इकडे सरकवावें तर एका बाजूस पांच आणि दुसरीस सहा. तिकडे सरकवावें तर उलट. दोन दारें जोडून लावण्याची तोड आमच्या थोरल्यानें सुचविली. पण तिनें घर पाडलें आणि तेराचें केलें. सहा इकडे, सहा तिकडे आणि मध्यें एक. जुन्या वाड्याच्या दर्शनी बाजूस तीन, पांच असे विषम खण असले म्हणजे मध्यें खांब न येतां वाट येते, त्याचें मर्म हेंच होय.

हा नियम हातीं आल्यावर मुलांनीं बीबी-का-मकबरा बांधावयास घेतला. छत्रपती संभाजीनगरांतील मुलांस तो नवा नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाहून पाहून तो त्यांस तोंडपाठ झालेला आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 सालीं निवर्तली. तिचा हा रौजा 1661 च्या सुमारास पुरा झाला. प्रवेशद्वारावरील लेखांत अताउल्ला आणि हंसपत राय ह्या रचनाकारांचीं नांवें आहेत. आवाराची लांबी दक्षिणोत्तर सुमारें 458 मीटर आणि रुंदी पूर्व-पश्चिम सुमारें 275 मीटर. हा रुंदीचा आंकडा वाचून मुलांनीं उडीच मारली. 275 विषम! 137 इकडे, 137 तिकडे आणि मध्यें एक. पूर्वेच्या भिंतीच्या मध्यावर बारादरी, तशीच पश्चिमेस. एक अंग रचावें आणि दुसरें मोजून उतरवावें.

अडचण आली ती मशिदीची. मुख्य इमारतीच्या पश्चिमेस मशीद आहे. पूर्वेस तिला जोड नाहीं. आग्र्यास ताजमहालाच्या मशिदीसमोर तोल राखण्यासाठीं तशीच दुसरी इमारत बांधलेली आहे. तिला ‘जवाब’ म्हणतात. येथील मशीद मागाहून हैदराबादच्या निजामाच्या अमदानींत आली, आणि जवाब आलाच नाहीं. एक म्हणाला, मशीद गाळूं. दुसरा म्हणाला, पूर्वेस एक खोटी बांधूं. पुतणी म्हणाली, “जे आहे ते आहे.” मशीद राहिली.

हें ऐकतांना आमच्या मनांत निराळाच विचार आला. ताजमहालांत मुमताजची कबर बरोबर मध्यावर, आणि शहाजहानाची तिच्या शेजारीं, एका अंगास. तेथें डावें-उजवें बिघडतें. मकबऱ्यांत बेगमेच्या शेजारीं बादशहा नाहीं; 1707 सालीं वारलेला औरंगजेब खुलताबादेस एका साध्या, उघड्या कबरेंत आहे. म्हणजे येथें बेगमेभोंवतीं तोल अभंग राहिला तो सोबत नसल्यामुळें! सोबत आली कीं तोल थोडा ढळावयाचाच.

असा विचार सुचण्याचें कारण घरांतच होतें. आमचा गुलमंडीजवळचा जुना वाडा पाडून नवा बांधावयाचा आहे. भांडण नाहीं, पण कागदावर रेघ कोठें ओढावी ह्याचीं बोलणीं वर्षभर चाललीं आहेत. दोन्ही अंगें तंतोतंत सारखीं हवींत, दोन स्वयंपाकघरें, दोन जिने आणि मध्यें भिंत, ह्यावर दोघांचें एकमत. आमच्या मातुःश्रींचें वय ब्याऐंशी. त्यांनीं सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे राहावें असें ठरत होतें. मुलांनीं हें ऐकलें असावें, कारण एके दुपारीं आमचें नवें घरही पडद्यावर उभें राहिलें. पाहतों तों मध्यें भिंत नाहीं. विचारलें तेव्हां पुतणी म्हणाली, “काका, घर विषम घेतलंय. मधला ठोकळा कोणाच्याच बाजूचा नाही, म्हणून तिथे आजीची खोली आणि देवघर. दार दोन्हीकडे आहे.”

वहिनींनीं तें मातुःश्रींस दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून न्याहाळलें आणि एवढेंच विचारलें, “ह्यात तुळस कुठे लावायची?”

आराखड्यांत आतां मधला खण आला आहे. त्यापायीं दोघांच्याही दिवाणखान्यांतून दोन-दोन फूट जातात, आणि त्या दोन फुटांचें बोलणें अद्याप संपलेलें नाहीं. सम संख्येची वाटणी सोपी. मागें कांहीं उरत नाहीं. विषम संख्येंत एक उरतो, त्यास गणितांत बाकी म्हणतात. एकत्र कुटुंब बहुधा अशाच एखाद्या बाकीवर उभें असतें. म्हणून वाचकांस इतकेंच सुचवावेंसें वाटतें, कीं घरांतील मुलें ठोकळे रचीत असतील तेव्हां घटकाभर त्यांच्याजवळ बसावें, आणि त्यांनीं मध्यावर काय ठेवलें आहे तें अवश्य विचारावें.